शनिवार रात्रीचा मुलूख

मेम्फिसहून दक्षिणेला निघालेला ब्लूजचा चाहता बहुतेक वेळा हायवे ६१ धरतो आणि दीडेक तासात क्लार्क्सडेलच्या चौकात पोहोचतो. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या गिटारवाल्याने अशाच एका चौकात मध्यरात्री सैतानाशी सौदा केला आणि आत्मा देऊन विद्या घेतली, अशी दंतकथा आहे. त्या कथेच्या ओढीने जगभरातून माणसे येतात. मिसिसिपीच्या खेड्यांतला जुना ब्लूज म्हणजे एक माणूस, एक गिटार आणि समोर नाचणारे शेजारी. त्याची विद्या काकामामांकडून आली, मळ्यांवरून आली, तुरुंगातून आणि चर्चमधूनही आली, आणि दर पन्नास-साठ मैलांवर तिचा रंग बदलत गेला. हे बदल एकामागून एक पाहायचे असतील, तर हायवे ६१ थोडा वेळ बाजूला ठेवून आधी पूर्वेकडच्या टेकड्यांत शिरावे.

टेकड्यांतले कोमो हे गाव मेम्फिसपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. रेल्वेचे रूळ, रुळांकडे तोंड करून उभी दुकानांची एक रांग आणि मागे चढउताराची झाडीभरली जमीन. रस्त्याच्या कडेला कुडझू नावाच्या वेलीने झाडे, कुंपणे, पडकी घरे अशी झाकून टाकली आहेत की आत काय आहे ते ओळखू येत नाही. जमिनीची धूप थांबावी म्हणून १९३०च्या दशकात सरकारने शेतकऱ्यांना ही जपानी वेल लावायला सांगितली होती. पश्चिमेकडच्या सपाट मुलखाच्या मानाने इथली शेते लहान. काही कृष्णवर्णीय कुटुंबांच्या नावावर स्वतःचे तुकडे होते, आणि पिढ्यान्पिढ्या ती एका जागी टिकून राहिली. संगीतही घराण्यातच राहिले.

त्यातला सर्वांत जुना थर गिटारचा नाही, पाव्याचा आणि ढोलांचा आहे. कोमोजवळच्या ग्रॅव्हल स्प्रिंग्जमध्ये ओथा टर्नर हा शेतकरी नदीकाठचा वेळू तोडून, लाल तापवलेल्या सळईने भोके पाडून पावा करत असे. दोन कडक ढोल, एक मोठा नगारा आणि पुढे पावा वाजवणारा म्हातारा. मागे अंगणभर माणसे पाय घासत फिरताहेत, आणि बाजूला बोकडाचे मटण निखाऱ्यांवर शिजते आहे. सप्टेंबरच्या आरंभी कामगार दिनाच्या सुमारास भरणारी ही टर्नरची पिकनिक परगण्यात प्रसिद्ध होती. वाद्यमेळ लष्करी बँडचा, ताल मात्र आफ्रिकेकडचा. दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवत बंड केले. त्यानंतरच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला बंदी केली, आणि इतर ठिकाणीही तशीच भीती पसरली. त्या काळानंतर सव्वादोनशे वर्षांनीही टेकड्यांतल्या अंगणात ढोल वाजत होते, ही गोष्ट थक्क करणारी आहे. टर्नर २००३ साली पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला, तेव्हा अंत्ययात्रेपुढे पावा वाजवत चालली ती त्याची नात शार्डे थॉमस. ती तेव्हा शाळकरी मुलगी होती. पथक आजही तिच्याकडे आहे.

टेकड्यांतली गिटारही ढोलासारखीच वाजते. शहरी ब्लूजमध्ये ठरावीक मात्रांनी सुरांचे जोड बदलतात. इथे एकच जोड धरून ठेवतात आणि त्याच्याभोवती ताल फिरवत राहतात, इतका वेळ की नाचणाऱ्याला भान राहत नाही. आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किम्ब्रो यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ही तऱ्हा जगापुढे नेली. तिचा पाया ऐकायचा तर मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल ऐकावा. सप्टेंबर १९५९ मध्ये लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स या भागात आला, तेव्हा मॅकडॉवेल दिवसभर कापूस वेचून घरी परतला होता. पन्नाशी उलटलेल्या या माणसाचा आवाज तोपर्यंत कोणीही मुद्रित केला नव्हता. त्याचा काका बैलाच्या बरगडीचे हाड घासून गुळगुळीत करी आणि ते तारांवरून सरकवत सूर काढी. पुतण्याने तीच कला आधी खिशातल्या चाकूने आणि मग बाटलीच्या गळ्याने वाढवली. शनिवारी रात्री नाचाची गाणी वाजवणारा हाच हात रविवारी हंटर्स चॅपल या चर्चमध्ये भजनांना साथ करी, आणि १९६६ साली त्या चर्चच्या गायिकांसह त्याने एक संपूर्ण तबकडी मुद्रित केली. ब्लूज हे सैतानाचे संगीत आणि भजन हे देवाचे, अशी भिंत धर्मोपदेशक घालत होते. पण गावात ती भिंत एकाच माणसाच्या आठवड्यातून जात होती. मॅकडॉवेल १९७२ साली वारला. कोमोजवळच्या हॅमंड हिल चर्चच्या आवारातल्या त्याच्या थडग्यावर गायिका बॉनी रेटच्या खर्चाने १९९३ साली नवा दगड बसवला गेला. ती त्याच्याकडून तारेवर काच फिरवायला शिकली होती.

कोमोच्या परिसरातच सिड हेम्फिल या अंध वादकाचे घराणे नांदले. तो फिडल, गिटार, ढोल, वेळूच्या पुंग्या, हाताला येईल ते वाजवी. त्याची नात जेसी मे हेम्फिल पायाला खंजिरी बांधून एकटी गिटार वाजवायची आणि स्वतःची गाणी गायची. ब्लूज म्हटले की बाईचा आवाज आणि पुरुषाची गिटार अशी वाटणी मनात असते. टेकड्यांतल्या बायकांनी ती कधी मानली नाही.

बहुतेकांची सुरुवात एका तारेवर झाली. झाडू बांधायची तार सोडवून घ्यायची, दोन खिळ्यांनी घराच्या लाकडी भिंतीवर ताणायची, खाली बाटली सरकवून ती उचलून धरायची, आणि एका हाताने छेडत दुसऱ्या हातातली काच तारेवर फिरवायची. डिडली बो असे त्याचे नाव. तुणतुण्याशी त्याचे नाते मराठी कानाला लगेच कळते. फरक एवढाच की इथे अख्खे घर भोपळ्याचे काम करते. गिटार विकत घ्यायला पैसे नसलेली मुले या भिंतीवरच स्वर शोधायला शिकली. गळ्यातल्या मींडेसारखा तो सरकता सूर पुढे त्यांच्या गिटारीत आला.

कोमोहून दक्षिणेला बेट्सव्हिल गाठून पश्चिमेला वळले की काही मैलांत टेकड्या संपतात. रस्ता एकदम खाली उतरतो आणि समोर जमीन अशी सपाट पसरते की क्षितिजावरचे पाण्याचे टाके कितीतरी आधीपासून दिसत राहते. हा मिसिसिपी डेल्टा. नदी समुद्राला मिळते ती जागा इथून कितीतरी दूर, लुइझियानात आहे. हा डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला, सव्वातीनशे किलोमीटर लांबीचा पुराच्या गाळाचा पट्टा. प्रवाशाला इथे पहिला धक्का बसतो तो भूमीच्या वयाने. डेल्टा म्हणजे गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली जुनी कापूसभूमी, असे वाटत असते. पण यादवी युद्धापर्यंत नदीकाठ सोडला तर याचा बराचसा भाग दलदल, सायप्रसचे रान, अस्वले आणि हिवताप यांचा होता. १८८०नंतर रेल्वे आली, नदीला मैलोन्मैल मातीचे बांध घातले गेले, रान तुटले, आणि ते तोडायला व मग पेरायला दक्षिणेच्या जुन्या भागांतून कृष्णवर्णीय मजूर आणले गेले. म्हणजे इथली शेती आणि इथला ब्लूज एकाच पिढीत जन्मले. तरुण, नव्याने आलेली, दर डिसेंबरला एक मळा सोडून दुसरा धरणारी ही वस्ती. गाणीही तिच्यासारखीच फिरती झाली.

या कापसाचे एक टोक मुंबईला पोहोचते. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद झाला, आणि खानदेश-वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदांच्या काळातली मुंबईची शेअरबाजाराची धुंदी या पैशावर उभी राहिली. युद्ध संपल्याची बातमी आली तशी ती कोसळली. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या चाळीस लाखांतला मोठा भाग पुन्हा त्याच पिकाला जुंपला गेला, कारण स्वातंत्र्य मिळाले तरी जमीन मिळाली नव्हती. शेती अर्धेलीने. बी, खत, खेचर, राहायला खोपटे मालकाचे. मीठ-पीठ मळ्याच्या दुकानातून उचलीवर. आणि डिसेंबरात हिशेब, मालकाच्या वहीतून, मालकाच्या व्याजाने. विदर्भातल्या शेतकऱ्याला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

क्लार्क्सडेलच्या जुन्या रेल्वे मालधक्क्यात डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. आत एका खोपटाचे लाकडी ओंडके उभे केले आहेत. गावाबाहेरच्या स्टोव्हल मळ्यावर मडी वॉटर्स हा गिटारवाला या खोपट्यात राहत असे. ऑगस्ट १९४१ मध्ये लोमॅक्स आणि फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन वर्क यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याचे गाणे इथे मुद्रित केले. लोमॅक्सचे नाव जगभर झाले. वर्क यांचे हस्तलिखित साठाहून अधिक वर्षे पडून राहिले आणि २००५ साली छापले गेले. त्या पाहणीच्या नोंदी डोळे उघडणाऱ्या आहेत. मडीच्या यादीत ब्लूजसोबत जीन ऑट्री या चित्रपटांतल्या गाणाऱ्या काउबॉयची गाणी होती. क्लार्क्सडेलच्या दुकानांतल्या पैसे टाकून वाजणाऱ्या यंत्रांत काउंट बेसी आणि फॅट्स वॉलर हे जॅझवाले होते. खेड्यातला गिटारवाला जगापासून तुटलेला नव्हता. तो रेडिओ ऐकत होता, तबकड्या विकत घेत होता, आणि गोऱ्यांच्या मेजवानीत लागेल ते वाजवत होता. त्यातून त्याने स्वतःचा ब्लूज निवडला, हे जास्त महत्त्वाचे.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडीने १९४३ साली मजुरीत वाढ मागितली, मुकादम भडकला, आणि मडी गाडीत बसून शिकागोला गेला. पुढच्याच वर्षी क्लार्क्सडेलच्या दक्षिणेला होपसन मळ्यावर पेरणीपासून गाठी बांधेपर्यंत सगळे पीक यंत्रांनी काढून दाखवले गेले. चांगला वेचणारा मजूर तासाला नऊ किलो कापूस वेची, यंत्र साडेचारशे. ज्या व्यवस्थेने ब्लूज घडवला तिचा शेवट या एका शेतात दिसला होता. पहिल्या महायुद्धापासून १९७०पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून गेली. आज डेल्टातून जाताना मैलोन्मैल सोयाबीन आणि मका दिसतो, मधूनच कापूस, मागुर माशांची तळी आणि आकाशातून औषध फवारणारी विमाने. माणूस दिसत नाही. ओसाड बाजारपेठांतून फिरताना हे रिकामेपण जास्त जाणवते.

आता तो चौक. खांबावर निळ्या गिटारी आडव्या बसवल्या आहेत आणि गाड्या त्यांच्याभोवतीने जातात. सैतानाची गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गिटारवाल्याबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली. रॉबर्ट जॉन्सनला ती नंतर चिकटली. रॉबर्टचे खरे गुरुकुल राज्याच्या दक्षिण भागात, हेझलहर्स्टच्या जवळ होते. तिथे आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याच्या घरी तो राहिला आणि त्याच्यासोबत रात्री दफनभूमीत बसून सराव करू लागला, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नव्हती. झिमरमनच्या मुलीनेच हे पुढे सांगितले. मागे वळून पाहिले तर आधी डेल्टात त्याने सन हाउस आणि विली ब्राउन या गिटारवाल्यांना जवळून पाहिलेले होते, तबकड्या घोटलेल्या होत्या. वर्ष-दोन वर्षांच्या घोर मेहनतीने तयार झालेल्या माणसाला सैतानाचे उपकार लावणे हा त्याच्यावर आणि त्याच्या गुरूवर अन्याय आहे. १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये त्याने एकोणतीस गाणी मुद्रित केली आणि १९३८ साली ग्रीनवुडजवळ सत्ताविसाव्या वर्षी तो मेला.

क्लार्क्सडेलच्या आग्नेयेला टटवायलर आहे. १९०३च्या सुमारास इथल्या स्थानकावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्तर डुलक्या घेत होता. शेजारी फाटक्या कपड्यांचा एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून गाऊ लागला. गाण्यात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या मूरहेड गावाचा उल्लेख होता. हँडीने नंतर ब्लूज कागदावर उतरवून छापला आणि नाव मिळवले. त्या स्थानकावरच्या माणसाचे नाव कोणालाच कळले नाही.

तिथून पुढे पार्चमन. १९०१ साली राज्याने घेतलेल्या जमिनीवर उभा राहिलेला हा तुरुंग म्हणजे प्रत्यक्षात सरकारी कापसाचा मळा होता. कैदी रांगेने कुदळी आणि कुऱ्हाडी चालवत, एक जण हाळी देई, बाकीचे झेलत, आणि घाव एकाच वेळी पडत. ज्याचा हात मागे पडे त्याच्यावर पहारेकऱ्याची नजर जाई, म्हणून गाणे हा त्या रांगेतला आधार होता. लोमॅक्स पितापुत्रांनी १९३३ पासून ही गाणी मुद्रित केली. बुका व्हाइट हा ब्लूजवाला इथे शिक्षा भोगत होता. १९३९ साली त्याने दोनच गाणी दिली आणि बाकीची सुटकेनंतर पैसे देणाऱ्या कंपनीसाठी राखून ठेवली. तुरुंग आजही चालू आहे. रस्त्यावरून फक्त फाटक दिसते.

रूलव्हिलमध्ये मतदानाच्या हक्कासाठी झगडलेल्या फॅनी लू हेमर यांची समाधी आहे. १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून त्यांना ज्या मळ्यावर अठरा वर्षे काम केले तिथून हाकलले गेले. त्यांच्या सभांत भाषणाआधी त्या गात, आणि सभा त्यांच्यामागे गाई.

रूलव्हिल आणि क्लीव्हलँडच्या मध्ये, सनफ्लॉवर नदीच्या काठी, डॉकरी मळा येतो. सगळ्या वाटेवर प्रवासी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो इथे. कापसातून सरकी काढायची जुनी जिन, सरकी साठवायचे कोठार, रस्त्याकडेचा पेट्रोलपंप, कोठारावर मोठ्या अक्षरांत मालकाचे नाव. विल डॉकरीने १८९५ साली रान विकत घेऊन हा मळा वसवला. भरभराटीच्या काळात दोन हजारांवर माणसे इथे राहत. मळ्याचे स्वतःचे स्थानक, टपाल कचेरी, डॉक्टर, शाळा, चर्च, आणि मळ्याच्या दुकानात चालणारी स्वतःची नाणीसुद्धा. शनिवारी दुपारी मजुरी मिळे. मग दुकानाच्या ओसरीवर गिटार सुरू होई आणि रात्री एखाद्या खोपट्यातले सामान बाहेर काढून, दारात पैसे घेऊन नाच चाले. तळलेले मासे, घरगुती दारू, पत्ते, कधी चाकू. त्या गोंगाटात आवाज पोहोचवायचा, पायांना ताल द्यायचा आणि हे एकट्याने करायचे: डेल्टाच्या गिटारीतला तो ठोका आणि तो फाटका, जाड आवाज या गरजेतून आला.

चार्ली पॅटन या मळ्यावर लहानाचा मोठा झाला. हेन्री स्लोन नावाच्या मजुराकडून तो शिकला. स्लोनची एकही तबकडी नाही. पॅटन गिटार डोक्यामागे धरून, गुडघ्यांत धरून वाजवी, लाकडावर थापा मारी. पण त्याची खरी थोरवी त्याच्या विषयांत आहे. गावचा पोलीस, कापसावरची बोंडअळी, मळ्याकडे येणारी नागमोडी रेल्वे, स्वतःला मळ्यावरून हाकलून देणारा मुकादम, सगळे त्याच्या गाण्यांत नावागावांसह आहे. २१ एप्रिल १९२७ रोजी ग्रीनव्हिलच्या वर माउंड्स लँडिंगला बांध फुटला आणि डेल्टा पाण्याखाली गेला. ग्रीनव्हिलच्या बांधावर हजारो कृष्णवर्णीय माणसे अडकून पडली. मजूर मळे सोडून जातील या भीतीने मालकांनी त्यांना बोटींतून हलवू दिले नाही आणि बंदुकीच्या धाकाने बांधावर राबवले. त्या पुरावर पॅटनने १९२९ साली दोन भागांचे गाणे मुद्रित केले. त्यात पाणी एकेका गावात शिरत जाते आणि प्रत्येक गावाचे नाव येते. ज्या लोकांची बातमी वर्तमानपत्रांत येत नव्हती त्यांची ही बातमी होती.

ते मुद्रण कोणी केले हाही चकित करणारा भाग आहे. पॅरामाउंट ही तबकड्यांची कंपनी विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची. कारखाना फोनोग्राफची लाकडी पेटी बनवू लागला, पेटी खपावी म्हणून तबकड्या काढू लागला. जॅक्सन शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एच. सी. स्पीअर याचे वाद्यांचे दुकान होते. तो गाणारे हेरून उत्तरेला पाठवी. पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स हे तिघेही या वाटेने गेले. मंदी आली, कंपनी बुडाली, मूळ साचे नष्ट झाले. आज पॅटनचा आवाज ऐकू येतो तो कोणाच्या तरी घरी झिजलेल्या तबकड्यांमधून, खरखरीच्या मागून. डॉकरीवर आणि आसपास त्याच्याभोवती जमलेल्यांत विली ब्राउन होता, पुढे हाउलिन वुल्फ म्हणून गाजलेला चेस्टर बर्नेट होता, लहानगा पॉप्स स्टेपल्स होता. तीन पिढ्यांचे संगीत एका मळ्याच्या ओसरीवरून निघाले आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता. पॅटन १९३४ साली वारला. हॉली रिजच्या दफनभूमीतल्या त्याच्या थडग्याजवळ डिसेंबर २००६ मध्ये मिसिसिपी ब्लूज ट्रेलचा पहिला फलक लागला. आता असे दोनशेंहून अधिक फलक राज्यभर आहेत.

या भागात भूक लागली की तमाले खावेत. मक्याच्या भरड पिठात तिखट मांस भरून, कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेला हा मेक्सिकन पदार्थ डेल्टात गल्लोगल्ली मिळतो. कापूस वेचायला आलेल्या मेक्सिकन मजुरांकडून तो कृष्णवर्णीय स्वयंपाकघरांत आला, असे बहुतेक जण मानतात. डब्यात गरम राहतो, शेतावर नेता येतो. किराणा दुकाने मात्र बरीचशी चिनी कुटुंबांची होती. यादवी युद्धानंतर मजूर म्हणून आणलेल्या चिनी माणसांनी शेत सोडून कृष्णवर्णीय वस्त्यांत दुकाने थाटली.

इंडियनोलात बी. बी. किंग या ब्लूजवाल्याच्या नावाचे संग्रहालय तो तरुणपणी राबला त्या जिनभोवती बांधले आहे, आणि त्याची समाधीही तिथेच आहे. तिथून पूर्वेला ग्रीनवुड. रॉबर्ट जॉन्सनची म्हणून तीन थडगी दाखवली जातात. त्यांतले एक मनी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की एका दुकानाच्या वेलींनी वेढलेल्या भिंती उभ्या दिसतात. १९५५ साली चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाने या दुकानात गोऱ्या बाईला उद्देशून काही केले असा आरोप झाला आणि त्याचा खून झाला. मारेकरी निर्दोष सुटले.

डेल्टाच्या पूर्व कडेला टेकड्या पुन्हा सुरू होतात, तिथे ॲव्हलॉन आहे. गाव म्हणावे असे काही नाही, रस्ते आणि झाडी. इथे पॅटनच्या गर्जनेचा मागमूस नाही. इथल्या मिसिसिपी जॉन हर्टची गिटार मऊ आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर घड्याळासारखा चालतो, बोटे वर चाल गुंफतात, आणि आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा येतो. हा भाग मोठ्या मळ्यांचा नव्हता, इथे गोरे आणि काळे शेतकरी जवळजवळ राहत आणि एकमेकांच्या नाचांत वाजवत. गोऱ्या फिडलवाल्या विली नारमोरनेच हर्टचे नाव कंपनीला सुचवले. १९२८ साली हर्टने मेम्फिस आणि न्यू यॉर्कमध्ये तबकड्या केल्या, त्या खपल्या नाहीत, आणि तो गुरे आणि शेतीकडे परतला. पस्तीस वर्षांनी टॉम हॉस्किन्स या संग्राहकाने त्याच्या एका गाण्यात ॲव्हलॉनचे नाव ऐकले, जुन्या नकाशात गाव शोधले आणि दार ठोठावले. दारात गोरा अनोळखी तरुण पाहून हर्टला तो सरकारी पोलीस वाटला. त्या काळच्या मिसिसिपीत तसे वाटणे साहजिक होते. त्याच वर्षी, १९६३च्या उन्हाळ्यात, न्यूपोर्ट महोत्सवात हजारो माणसे त्याच्यासमोर स्तब्ध बसली होती. त्याचे घर संग्रहालय म्हणून जपले होते. २०२४ साली ते आगीत जळाले.

जून १९६४ मध्ये असेच दुसरे तरुण स्किप जेम्सला ट्युनिकाच्या इस्पितळात आणि सन हाउसला न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये शोधून काढत होते. याच महिन्यात मतदार नोंदणीचे काम करणारे दोन गोरे आणि एक कृष्णवर्णीय असे तीन कार्यकर्ते मिसिसिपीत मारले गेले. जुने आवाज शोधणारे आणि नवे मतदार शोधणारे एकाच धुळीच्या रस्त्यांवरून फिरत होते, हे या मुलखात विसरता येत नाही.

शेवटचा मुक्काम बेंटोनिया, याझू सिटीच्या दक्षिणेला. डेल्टा इथे मागे पडलेला असतो. स्किप जेम्स इथला, १९०२ साली जन्मलेला. इथली गिटार अशी लावतात की तारा मोकळ्या छेडल्या तरी कोमल गंधार बोलतो, आणि त्यावर जेम्सचा उंच, पातळ, थंड आवाज. तारा लावायची ही तऱ्हा त्याला हेन्री स्टकीने दिली. स्टकी पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला होता आणि बहामा बेटांच्या सैनिकांकडून ती शिकलो असे सांगे. जेम्सने १९३१ साली अठरा बाजू मुद्रित केल्या, पदरात फारसे काही पडले नाही, तो वडिलांसारखा चर्चकडे वळला. गावात ही विद्या शेतकरी जॅक ओवेन्सने सांभाळली आणि त्याच्याकडून जिमी ‘डक’ होम्सने बोटे बघून उचलली.

होम्सचे ब्लू फ्रंट कॅफे रुळांशेजारी आहे. सिमेंटच्या विटांची एक खोली, काही टेबले, एक शेगडी. १९४८ साली त्याच्या आईवडिलांनी ते उघडले. कापसाच्या हंगामात ते दिवसरात्र चाले, एरवी गावात रात्री दहाची संचारबंदी असे. या खोलीच्या आणि कापसाच्या उत्पन्नावर त्या दांपत्याने दहा मुले आणि तीन पुतणे वाढवले आणि त्यांतल्या बहुतेकांना कॉलेजात शिकवले. ब्लूजबद्दल लिहिताना दारू, खून आणि सैतान यांवर पाने खर्ची पडतात. या तेरा मुलांच्या शिक्षणावर एक ओळही सहसा येत नाही. होम्सने १९७०च्या सुमारास कॅफे हाती घेतले. लांबून आलेले तरुण गिटार घेऊन येतात, तो समोर बसून वाजवतो, ते बोटे बघतात.

मराठी वाचकाला ही वाट घरबसल्या चालायची असेल, तर मॅकडॉवेलच्या १९५९च्या मुद्रणांपासून सुरुवात करावी, मग खरखर सोसून पॅटन ऐकावा, त्यानंतर हर्ट आणि शेवटी स्किप जेम्स. चारही माणसे सुमारे अडीचशे किलोमीटरच्या टापूतली. एकाचा सूर दुसऱ्यासारखा नाही. अमेरिकेत मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी जमल्यास जूनमध्ये बेंटोनिया गाठावे. तिथला ब्लूज महोत्सव १९७२ पासून भरतो आहे.